ट्रान्सपाँडरची बॅटरी दम टाकू लागली तर: उघडावा, बदलावा की गाडीच्याच विजेवर घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शर्यतीच्या गाडीवर बसवलेला, पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारा ट्रान्सपाँडर (फेऱ्यांची वेळ नोंदण्यासाठी गाडीचा क्रमांक रेषेवर कळवणारे छोटे यंत्र) आठ वर्षांचा झाला आहे. रात्रभर चार्ज केल्यावर तो पूर्ण भरल्याची खूण दाखवतो, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दिवा लाल होतो आणि गेल्या शर्यतीत दोन फेऱ्यांची नोंदच झाली नाही. त्याचे कवच कापून आतली बॅटरी बदलावी, नवा ट्रान्सपाँडर घ्यावा, की गाडीच्या १२ व्होल्टच्या विजेवर चालणारा प्रकार बसवावा?

मी बरीच वर्षे शर्यतींचे टायमिंग पाहतो आणि त्याआधीपासून इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे. माझे मत आधीच सांगतो. बॅटरी बदलता येते, मी ती बदललेलीही आहे; पण असा दुरुस्त केलेला ट्रान्सपाँडर सरावासाठी ठेवावा, गुण मिळणाऱ्या शर्यतीत तो गाडीवर लावू नये. गाडीत १२ व्होल्टची भरवशाची वीज असेल तर थेट विजेवर चालणारा ट्रान्सपाँडर घेणे सर्वांत शहाणपणाचे आहे. मात्र यातले काहीही करण्यापूर्वी दोष खरोखर बॅटरीचाच आहे का, हे तपासावे. कारण माझ्याकडे ‘बॅटरी गेली’ म्हणून आलेल्या ट्रान्सपाँडरांपैकी बऱ्याच जणांचा आजार दुसराच निघाला.

तपासणी कशी करायची हे समजण्यासाठी यंत्रणा कशी चालते ते थोडे पाहावे लागेल. अंतिम रेषेखाली, ट्रॅकमध्ये कापलेल्या अरुंद खाचेत, तारेचा एक लूप पुरलेला असतो. त्याच्या दोन समांतर तारांमध्ये मोटारींसाठी सामान्यतः साठेक सेंटिमीटर अंतर ठेवतात. हा लूप कोअॅक्स केबलने टायमिंगच्या खोलीतल्या डिकोडरला, म्हणजे संदेश वाचणाऱ्या यंत्राला, जोडलेला असतो. ट्रान्सपाँडरच्या आत एक कॉइल असते आणि ती आपला क्रमांक चुंबकीय संदेशाच्या रूपात सतत, थोड्या थोड्या वेळाने पाठवत राहते. गाडी लूपवरून जाताना डिकोडर हे संदेश पकडतो, त्यांची तीव्रता कशी वाढत आणि उतरत गेली यावरून गाडी नेमकी कोणत्या क्षणी रेषेवर होती हे ठरवतो, आणि प्रत्येक नोंदीसोबत दोन आकडे जपून ठेवतो: संदेश किती तीव्र होता आणि किती वेळा पोचला. हे दोन आकडे पुढे फार उपयोगी पडणार आहेत.

यात वेळ किती अपुरा असतो तेही पाहा. ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे ५५ मीटर कापते, म्हणजे लूपच्या प्रभावातला एक मीटर ती सुमारे १८ मिलिसेकंदांत ओलांडते. त्या क्षणी बॅटरीचा व्होल्टेज खाली बसला आणि आतले सर्किट पळभर जरी थबकले, तरी फेरी गेली. टेबलावर ठेवलेल्या ट्रान्सपाँडरचा दिवा व्यवस्थित लुकलुकत असतो, त्यामुळे मालक म्हणतो की हा तर चालू आहे. टायमकीपर म्हणतो की आला नाही. दोघेही खरे बोलत असतात.

म्हातारी बॅटरी अशी का वागते? तिची साठवण क्षमता कमी होते हे सर्वांना माहीत असते. पण त्याबरोबर तिचा अंतर्गत रोध वाढतो, ही गोष्ट जास्त त्रासदायक आहे. निवांत असताना असा सेल पुरेसा व्होल्टेज दाखवतो, पण संदेश पाठवताना विजेची छोटीशी झटकन मागणी आली की त्याचा व्होल्टेज कोसळतो. थंडीत हा रोध आणखी वाढतो, म्हणून पहाटेच्या सरावाला न दिसणारा ट्रान्सपाँडर दहा वाजता ऊन लागल्यावर पुन्हा दिसू लागतो. उलट, एक्झॉस्टजवळ किंवा ब्रेकच्या गरम हवेच्या वाटेत बसवलेल्या ट्रान्सपाँडरची बॅटरी त्या दिवशी छान चालते, पण तिचे आयुष्य झपाट्याने सरते. निकेल जातीचे अनेक सेल एकापुढे एक जोडलेले असतील तर आणखी एक दुखणे असते: त्यांतला सर्वांत दुबळा सेल आधी रिकामा होतो, उरलेले सेल त्याच्यातून उलट्या दिशेने वीज ढकलतात आणि तो कायमचा निकामी होतो. हंगाम संपल्यावर ट्रान्सपाँडर तसाच पेटीत टाकून सहा महिन्यांनी बाहेर काढला की नेमके हेच झालेले आढळते.

आता तपासणीकडे वळू. पहिला संशय चार्जरवर घ्यावा. ट्रान्सपाँडर ज्या स्टँडमध्ये बसतो त्याच्या धातूच्या पट्ट्यांवर रबराची धूळ, तेलाचा अंश आणि गंज यांचा पातळ थर साचतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून चार्जरचे आणि ट्रान्सपाँडरचे दोन्हीकडचे संपर्कबिंदू पुसावेत. खरवडायला सँडपेपर वापरू नये, कारण वरचा मुलामा निघाला की गंज दुप्पट वेगाने येतो. मग मल्टिमीटरने अॅडॉप्टरचा व्होल्टेज मोजावा, पण ट्रान्सपाँडर चार्जिंगला लावलेला असताना. भार नसताना जवळपास प्रत्येक अॅडॉप्टर निरोगीच दिसतो. त्यानंतर ओळखीच्या स्पर्धकाचा त्याच जातीचा धडधाकट ट्रान्सपाँडर तुमच्या चार्जरमध्ये आणि तुमचा त्याच्या चार्जरमध्ये एक रात्र ठेवावा. हा अदलाबदलीचा प्रयोग कोणत्याही मोजमापापेक्षा लवकर उत्तर देतो.

‘रात्रभर’ म्हणजे नेमके किती तास, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. निकेल जातीचे सेल मंद गतीने, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतक्या प्रवाहाने भरताना चौदा ते सोळा तास लागतात. मोटारींच्या टायमिंगमध्ये एकेकाळी फार प्रचलित असलेल्या, एएमबी या टायमिंग उपकरणांच्या कंपनीच्या ट्रॅनएक्स २६० या जुन्या ट्रान्सपाँडरलाही पूर्ण चार्जिंगसाठी सोळा तास सांगितलेले आहेत, आणि त्यावर तो सुमारे चार दिवस चालतो. रात्री अकराला लावून सकाळी सहाला काढलेल्या ट्रान्सपाँडरने दुसऱ्या दुपारी मान टाकली तर तो बॅटरीचा दोष नव्हे. त्या ट्रान्सपाँडरमध्ये हिरव्या दिव्याच्या उघडझापी मोजून किती दिवसांचा चार्ज उरला आहे हे कळते; तुमच्याकडे कोणताही प्रकार असो, त्याच्या दिव्याची भाषा माहितीपत्रकातून एकदा नीट वाचून घ्यावी.

त्यानंतरची चाचणी घरीच करता येते, फक्त चिकाटी हवी. सोळा तास चार्ज करून ट्रान्सपाँडर टेबलावर ठेवावा आणि दिव्याची खूण बदलेल त्या प्रत्येक वेळेची तारीख-वेळेसह नोंद करावी. तो पूर्ण उतरला की लगेच पुन्हा चार्ज करावा आणि असे लागोपाठ तीनदा करावे. चांगल्या बॅटरीची खूण पायरीपायरीने, साधारण सारख्या अंतराने खाली येते. थकलेली बॅटरी काही तास पूर्ण भरल्याचा आव आणते आणि मग एकाच झेपेत तळाला जाते, कारण चार्जिंगनंतर सेलच्या पृष्ठभागापुरता वाढलेला व्होल्टेज ओसरला की खाली साठा नसतो. तिन्ही खेपांना वेळ थोडा थोडा वाढत गेला, तर बॅटरी फक्त बराच काळ न वापरल्याने मरगळली होती. निकेल जातीच्या बॅटऱ्यांत असे सुधारणे शक्य आहे. वेळ तेवढाच राहिला किंवा घटला, तर निदान पक्के झाले. लिथियम जातीच्या बॅटरीवर मात्र मुद्दाम पूर्ण उतरवण्याचा हा प्रयोग एकदाच करावा, कारण तिला तळाला नेणेच अपायकारक असते.

टेबलावरच्या चाचणीत ट्रान्सपाँडर पास झाला आणि ट्रॅकवर फेऱ्या हुकतच राहिल्या, तर दोष बसवणुकीत शोधावा. चुंबकीय संदेशाची तीव्रता अंतर वाढताना साधारण अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. म्हणजे ट्रान्सपाँडर ट्रॅकपासून ३० ऐवजी ६० सेंटिमीटर उंचीवर गेला तर लूपपर्यंत पोचणारा संदेश आठव्या हिश्श्यावर येतो. त्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा किंवा कार्बन फायबरचा तळ आला तर तो आणखी दुबळा होतो, कारण दोन्ही पदार्थांतून वीज वाहते आणि त्यांत उठणारे भोवऱ्यासारखे प्रवाह चुंबकीय क्षेत्र खाऊन टाकतात. फायबर ग्लास, प्लॅस्टिक, लाकूड चालते. ट्रान्सपाँडर उत्पादकाने सांगितलेल्या दिशेनेच बसवावा. बरेच जण जागा मिळेल तसा तो आडवा झोपवतात आणि कॉइलचे तोंड भलतीकडे वळते.

टायमकीपरकडून तुमच्या क्रमांकाच्या दिवसभरातल्या नोंदींची तीव्रता आणि संदेशसंख्या मागून घ्यावी, आणि तशाच बनावटीच्या दुसऱ्या एखाद्या गाडीशी ताडून पाहावी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीव्रता सारखीच, पण सतत कमी असेल तर बसवणूक चुकली आहे. सकाळी सगळे आकडे चांगले, दुपारनंतर संदेशसंख्या ढासळते आणि मग फेऱ्या गळू लागतात, असे चित्र असेल तर ते बॅटरीचे आहे. ही माहिती मागायला स्पर्धक का लाजतात हे मला अजून उमगलेले नाही. टायमकीपरला ती दोन मिनिटांत काढता येते आणि हुकलेल्या फेऱ्या हाताने भरण्यापेक्षा त्याला ती काढणे कितीतरी परवडते.

आणखी एक बाब अलीकडे बॅटरीच्या नावावर खपते. एएमबी आणि चॅम्पियनचिप या दोन टायमिंग कंपन्या २००८ मध्ये एकत्र येऊन बनलेल्या मायलॅप्सच्या नव्या पिढीतील अनेक ट्रान्सपाँडरांना ठरावीक मुदतीची वर्गणी लागते. ती संपली की बॅटरी ठणठणीत असूनही ट्रान्सपाँडर उपयोगाचा राहत नाही आणि स्पर्धक चार्जरला दोष देत बसतो. तुमचा आठ वर्षांचा ट्रान्सपाँडर या प्रकारचा असेल तर आधी मुदतीची तारीख पाहा.

समजा, एवढे सगळे करून दोष बॅटरीचाच ठरला. आता कवच उघडण्याचा विचार. मोटारींवरचे ट्रान्सपाँडर पाणी, तेल आणि कंपन यांना तोंड देण्यासाठी कायमचे बंद केलेले असतात. काहींचे दोन अर्धे चिकटवलेले किंवा अल्ट्रासॉनिक पद्धतीने सांधलेले असतात, तर काहींच्या आतली सगळी पोकळी कडक राळेने भरलेली असते. राळेने भरलेला ट्रान्सपाँडर उघडण्याच्या फंदात पडू नये. राळ कोरताना कॉइलची केसाएवढी तार तुटते आणि ती पुन्हा जोडता येत नाही. मीही एक असाच गमावला आहे आणि त्याचे दोन तुकडे टेबलाच्या खणात जपून ठेवले आहेत. ट्रान्सपाँडर हातात घेऊन टिचकी मारली तर पोकळ आणि भरीव यांतला फरक बहुधा आवाजावरून कळतो.

सांधलेले कवच असेल तर सांध्याच्या रेषेवर बारीक दातांच्या करवतीने, एका वेळी दीड-दोन मिलिमीटरहून खोल न जाता, चहूबाजूंनी कापत यावे. तापवलेली सुरी वापरण्याचा मोह टाळावा. आत लिथियम सेल असेल आणि पाते त्याला लागले तर आग लागू शकते. करवतही त्याच भीतीने उथळ ठेवायची आहे. कापण्यापूर्वी ट्रान्सपाँडर शक्य तेवढा उतरवून घ्यावा, डोळ्यांवर चष्मा असावा आणि जवळ वाळूने भरलेले धातूचे भांडे असावे.

आतला सेल दिसला की लगेच तो काढू नये. प्रथम छायाचित्रे घ्यावीत, सेलवरचे लिखाण वाचावे, लांबी-रुंदी-जाडी मोजावी, आणि धन-ऋण टोके कोणती ते मल्टिमीटरने तपासून कागदावर लिहावे. इथे सर्वांत घातक चूक होते ती व्होल्टेजच्या आकड्यामुळे. निकेल-मेटल हायड्राइडचा एक सेल १.२ व्होल्टचा, त्यामुळे तीन सेलांचा संच ३.६ व्होल्टचा, आणि लिथियम-आयनचा एकच सेल ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा. आकडे जुळले म्हणून जुन्या निकेल संचाच्या जागी आधुनिक, हलका लिथियम सेल बसवणारे लोक मी पाहिले आहेत. जुना चार्जर मंद प्रवाह सतत देत राहतो, कारण निकेल जातीचा सेल भरल्यावर जादा वीज उष्णतेच्या रूपाने सोसतो. लिथियम सेलला ४.२ व्होल्टच्या आसपास थांबावेच लागते. तो थांबवणारे तिथे कोणी नसते, सेल फुगतो आणि पेट घेऊ शकतो. तेव्हा ज्या जातीचा सेल निघाला त्याच जातीचा, तेवढ्याच व्होल्टेजचा आणि संरक्षक सर्किट असेल तर तसलाच सेल आणावा. सेलवर लिथियम-थायोनिल क्लोराइडसारखे एकदाच वापरायच्या जातीचे नाव असेल, तर तो ट्रान्सपाँडर मुळातच चार्ज होणारा नाही. त्याला चार्जिंगला लावणे धोक्याचे आहे.

जास्त क्षमतेचा सेल टाकला तर जास्त दिवस चालेल, हा हिशेबही अर्धाच बरोबर आहे. चार्जरचा प्रवाह तेवढाच राहतो. क्षमता दीडपट केली तर सोळा तासांऐवजी चोवीस तास लागतील, आणि तुम्ही सोळा तासांनीच काढाल. शिवाय मोठा सेल म्हणजे आत जास्त धातू, आणि याच मुद्द्यावर घरगुती दुरुस्त्या सर्वांत जास्त फसतात. ट्रान्सपाँडरची कॉइल एका ठरावीक वारंवारितेवर जुळवलेली असते आणि ती जुळणी करताना सेलचे पोलादी कवच कुठे, किती अंतरावर आहे हे गृहीत धरलेले असते. नवा सेल पाच मिलिमीटर कॉइलकडे सरकला किंवा जोडणीच्या पट्टीने कॉइलभोवती बंद वळसा घातला, तरी जुळणी बिघडते. दिवा लुकलुकतो, बॅटरी आठवडाभर चालते, आणि लूपवर मात्र संदेश निम्मा पोचतो. म्हणून नवा सेल अगदी जुन्याच जागी, त्याच दिशेने बसला पाहिजे, आणि जोडणीची पट्टीही जुन्याच वाटेने गेली पाहिजे.

सेलच्या अंगावर थेट सोल्डर करू नये. उष्णतेने आतले विलगक पटल बिघडते आणि नवा सेल पहिल्याच दिवशी म्हातारा होतो. विकत घेतानाच स्पॉट वेल्डिंगने पट्ट्या जोडलेला सेल घ्यावा आणि सोल्डर पट्टीच्या टोकाला करावे. जुना सेल काढताना दोन्ही तारा एकदम कात्रीत धरू नयेत, कारण कात्रीच दोन्ही टोकांना जोडून शॉर्ट करते. एक कापावी, तिच्या टोकाला टेप लावावी, मग दुसरी. बॅटरी काढल्यावर ट्रान्सपाँडरचा क्रमांक त्याच्या स्मृतीत टिकतो का, हे उत्पादकाकडून आधी विचारून घ्यावे. क्रमांकच गेला तर उरते ते एक चार्ज होणारे खेळणे.

कवच बंद करण्यापूर्वी ट्रान्सपाँडर दोनदा पूर्ण चार्ज करून उतरवावा आणि शक्य असेल तर सरावाच्या दिवशी टायमकीपरकडून तीव्रता पाहून घ्यावी. नंतर सेल हलणार नाही असा फोमच्या तुकड्याने आवळावा आणि सांधा दोन भागांच्या इपॉक्सीने बंद करावा. आत सिलिकॉन वापरायचे असेल तर व्हिनेगरचा वास येणारे घेऊ नये. त्यातून सुटणारे आम्ल तांब्याच्या तारा खाते. इपॉक्सी चोवीस तास सुकल्यावर ट्रान्सपाँडर कोमट पाण्यात मिनिटभर बुडवून धरावा. आतली हवा तापून फुगते, त्यामुळे कुठे फट राहिली असेल तर बुडबुडे येतात. बुडबुडे आले तर लगेच बाहेर काढून पुसावा, पूर्ण वाळू द्यावा आणि पुन्हा लेप द्यावा.

इतके नीट केले तर दुरुस्ती टिकते. मग मी तिला शर्यतीत का नको म्हणतो? कारण हा सांधा ब्रेकच्या हादऱ्यांत, कर्बवरच्या (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांवरच्या) उड्यांत आणि उष्णतेत किती दिवस टिकेल हे तपासण्याचे साधन आपल्याकडे नसते, आणि त्याचा निकाल अंतिम रेषेवरच लागतो. कार्यरत ट्रान्सपाँडर लावणे ही बहुतेक आयोजकांच्या नियमावलीत स्पर्धकाची जबाबदारी असते. फेऱ्या हुकल्या तर टायमकीपर कॅमेऱ्यावरून किंवा हातनोंदीवरून त्या भरायचा प्रयत्न करतो, पण तुमच्या पात्रता फेरीतली सर्वोत्तम वेळ नेमकी हुकली असेल तर तो ती हजारांश सेकंदापर्यंत पुन्हा निर्माण करू शकत नाही. शिवाय कापून चिकटवलेले कवच पाहून स्क्रुटिनीच्या, म्हणजे शर्यतीपूर्वीच्या गाडी-तपासणीच्या, टेबलावर प्रश्न विचारले जातात, ते वेगळेच.

तर मग नवा कोणता घ्यावा? एकच ट्रान्सपाँडर दोन-तीन गाड्यांवर फिरवत असाल किंवा गाडीत अल्टर्नेटर आणि बॅटरी दोन्ही नसतील, तर पुन्हा चार्ज होणाराच घ्यावा. वर्षाकाठी एखाद-दुसऱ्याच शर्यतीत उतरणाऱ्याने आयोजकाकडून भाड्याने घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही, आणि बॅटरीची काळजी दुसऱ्याच्या माथी राहते. वापरलेला विकत घेत असाल तर पैसे देण्यापूर्वी क्रमांक टायमकीपरला दाखवून तो दुसऱ्या कोणाच्या नावावर नाही ना आणि वर्गणी किती उरली आहे, हे पाहावे. एकाच गाडीत नियमित शर्यत करणाऱ्यांना मात्र मी थेट विजेवर चालणाराच सुचवतो. ‘आज चार्ज करायचे राहिले’ हे वाक्य मी जितक्यांदा ऐकले आहे, त्या सगळ्यांना हा एकच उपाय पुरला असता.

त्याची जोडणी सोपी असली तरी निष्काळजीपणे करू नये. वीज मुख्य स्विचच्या पलीकडून, म्हणजे तो बंद केला की ट्रान्सपाँडरही बंद होईल अशा जागेवरून घ्यावी. मुख्य स्विचने गाडीतली सर्व विद्युत सर्किटे तोडलीच पाहिजेत, अशी एफआयए या मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सुरक्षा नियमांतही अपेक्षा आहे. थेट बॅटरीवरून घेतलेली तार तो नियम मोडते आणि हळूहळू बॅटरीही उतरवते. ट्रान्सपाँडर फार थोडी वीज घेतो, म्हणून उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल तर एक अँपिअरचा फ्यूज पुरतो आणि तो विजेच्या उगमाजवळ असावा. फ्यूज ट्रान्सपाँडरच्या बाजूला बसवला तर मधली सगळी तार फ्यूजच्या संरक्षणाबाहेर राहते. ऋण तार चासीच्या गंजलेल्या बोल्टला न लावता मुख्य अर्थिंगच्या बिंदूला न्यावी. तारा इग्निशन कॉइल आणि स्पार्क प्लगच्या केबलांपासून लांब ठेवाव्यात. जोड पिळून टेप लावण्यापेक्षा क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून) श्रिंक ट्यूब, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवावी. टेप इंजिनच्या उष्णतेत सुटते.

यातही एक खोच आहे. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाडी थांबवायच्या जागेत, इंजिन बंद करून पुन्हा सुरू करताना स्टार्टरमुळे १२ व्होल्टची वीज क्षणभर बरीच खाली बसते. ट्रान्सपाँडर त्या क्षणी बंद होऊन पुन्हा चालू होत असेल आणि पिटच्या बाहेर पडण्याच्या रेषेवरचा लूप तिथून जवळच असेल, तर ती नोंद हुकते. अशा वेळी ट्रान्सपाँडरऐवजी गाडीची बॅटरी तपासावी.

नवा ट्रान्सपाँडर बसवताना जागेचा विचार करावा, कारण डिकोडर गाडीचे नाक ओळखत नाही, ट्रान्सपाँडर ओळखतो. ताशी १८० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदात ५० मीटर जाते. जुन्या जागेपेक्षा तो अर्धा मीटर मागे गेला तर प्रत्येक वेळी रेषेवरची तुमची नोंद सेकंदाच्या शंभराव्या भागाने उशिरा होईल. प्रत्येक फेरीत फरक सारखाच असल्यामुळे फेरीची वेळ बदलणार नाही, पण शेजारच्या गाडीबरोबर खांद्याला खांदा लावून रेषा ओलांडताना तो शंभरावा भाग तुमच्या विरुद्ध मोजला जाईल. १९९७ साली स्पेनमधल्या हेरेथच्या फॉर्म्युला वन पात्रता फेरीत जाक व्हिलनव्ह, मिखाएल शूमाखर आणि हाइन्झ-हारल्ड फ्रेंट्झेन या तिघांचीही वेळ १ मिनिट २१.०७२ सेकंद अशी हजारांशापर्यंत सारखी आली होती. तेव्हा सेकंदाचा शंभरावा भाग ही किरकोळ गोष्ट नाही. तुमच्या वर्गाच्या नियमांत पुढच्या टोकापासूनचे अंतर दिलेले असेल तर ते फीतपट्टीने मोजूनच बसवावे.

शेवटी कागदपत्रांचे काम. नव्या ट्रान्सपाँडरचा क्रमांक वेगळा असतो. तो प्रवेशपत्रिकेत बदलावा आणि पहिल्या सरावाआधी टायमकीपरला तोंडी सांगून त्याच्या पडद्यावर तुमचे नाव दिसते का ते पाहून घ्यावे. जुना क्रमांक तुमच्या नावावरून काढून टाकायला सांगावे. जुना ट्रान्सपाँडर सरावासाठी ठेवणार असाल तर शर्यतीच्या दिवशी तो चार्जरमध्येच, पिटपासून दूर राहू द्यावा. एका स्पर्धकाने आपला जुना ट्रान्सपाँडर दुरुस्त करून हत्यारांच्या पेटीत टाकला होता आणि मदतनीस ती पेटी घेऊन पिटच्या लूपवरून ये-जा करत होता. त्या दुपारी माझ्या पडद्यावर त्याची गाडी ट्रॅकवर असतानाच तीनदा पिटमध्ये आलेली दिसत होती.